उजव्या हाताचं जाळं

मनकर्णाबाई वारली त्याला आता बारा वर्षं झाली. तिच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही, कारण ती पाणी भरणारी बाई होती. मी लिहितो आहे ते तिच्या कौतुकासाठी जितकं, तितकंच माझी अब्रू माझ्याच हातानं वेशीवर टांगायची म्हणून. एकोणीसशे छप्पनच्या त्या दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत मी जे पाहिलं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

नागभीडपासून सहा मैलांवर एका भातगिरणीच्या मालकानं आईच्या नावानं निराधार म्हाताऱ्यांसाठी घर काढलं होतं. लांबलचक कौलारू ओसरी, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराला लागून एक बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, धानाला पाणी द्यायला खणलेलं. घरात चौदा माणसं होती आणि त्यांच्यावर मी, व्यवस्थापक. शाळेतून निवृत्त झालो होतो, पण माझ्यातला मास्तर काही निवृत्त झाला नव्हता. चौदाही जण मला गुरुजी म्हणत आणि मला ते आवडायचं.

पाण्याला बाई हवी होती आणि ती धिवराचीच हवी, एवढी माझी अट होती. घरात कुणबी होते, तेली होते, माळी होते, एक ब्राह्मण विधवाही होती, आणि पाण्यावरून प्रत्येकाचा सोवळेपणा वेगळा होता. धिवर जातीनं मासेमार असला तरी त्याच्या हातचं पाणी सगळ्यांना चालायचं. त्या उन्हाळ्यात मनकर्णा आली. चाळिशी उलटलेली, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. डोक्यावर दोन घागरी आणि कमरेला सणाच्या दोऱ्याची गुंडी. उसंत मिळाली की बसल्या बसल्या जाळं विणायची. त्यांच्यात जाळं पुरुष विणतात. तिचा नवरा झिंगू याला लकवा झाला तेव्हापासून ती विणू लागली होती. तीन वर्षं तो अंथरुणावर होता आणि मग गेला.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्याशी वाद घातला. मी म्हणालो, पाणी सहाच्या आत भरलं पाहिजे. ती म्हणाली, "साहाले पानी गढूळ रायते गुरुजी. ढोरं पिऊन जातेत. निवळू द्या, मंग भरीन." मला शब्दाला शब्द देणारी माणसं खपत नसत. पण पाणी खरोखरच स्वच्छ आलं, म्हणून सहाचा आग्रह सोडला.

आता माझा नियम सांगतो. सकाळी पेज मिळायची आणि जेवण एकदाच, दुपारी बाराला ओसरीत पंगत बसायची. पुरुषांची एक ओळ, बायांची समोर एक. स्वयंपाकाची कुंताबाई भात आणि पातळ वरण वाढायची, आणि मी टोकाला उभा राहून पाहायचो. ताटात शीत उरता कामा नये. ज्याला अन्नाची किंमत नाही, त्यानं आपल्या घरी जावं. हे मी रोज, पंगत बसली की, श्लोकासारखं म्हणायचो. त्या चौदातल्या एकालाही जायला घर नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच म्हणायचो, असं आज लिहिताना मला दिसतं.

आणि ताटं लख्ख यायची. मला त्याचा इतका अभिमान होता की घर चालवणाऱ्या संस्थेच्या मंडळींना मी पत्रातून दर वेळी कळवायचो, आमच्याकडे अन्नाचा कणही वाया जात नाही.

पोळ्यानंतरची गोष्ट. कडक ऊन पडलं होतं. जेवणं आटोपली होती. मनकर्णा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, "गुरुजी, जरा मांगच्या दारी या."

"कशाला?"

"मासे पाहाले."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ती मला बेशरमाच्या झुडपाआड घेऊन गेली आणि बोट ओठावर ठेवलं. बोडीचं पाणी निवांत होतं. मागच्या दाराशी धुण्याचा सपाट दगड होता. त्याच्याभोवती मासे जमले होते. थोडेथोडके नाहीत, पन्नास-साठ. तोंडं वर, दगडाकडे.

ती हळू आवाजात म्हणाली, "या टायमाले मासा खाली रायते, थंड्यात. वर येत नाई. आठ दिस झाले, मी पाहून राह्यली. रोज याच टायमाले येतेत आन याच गोट्याजवळ उभे रायतेत. मासा असा काऊन येईन? त्याले इथी कोनतरी चारून राह्यलं."

मागचं दार कुरकुरलं. केवळरामभाऊ काठी टेकत बाहेर आले.

केवळराम घरातलं सगळ्यात भारदस्त माणूस. साठीचे असतील. उभा जन्म शेतीत गेला. गावात लग्न असलं की पंगतीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. ते वाढायला उभे राहिले की मांडवातून कुणी अर्धपोटी उठत नसे, असं त्यांच्या गावची माणसं सांगत. वर्षापूर्वी लकवा झाला, उजवं अंग गेलं. पाय कसाबसा ओढत चालत, पण उजवा हात मनगटापासून लोंबायचा. पुतण्यानं बैलगाडीत घालून आणून सोडलं ते पुन्हा फिरकला नाही. आल्यापासून ते वाळत चालले होते. मी समजत होतो, पुतण्याचं दुःख.

केवळराम दगडावर बसले. डाव्या हातानं मांडीवरची शाल सोडली. शालीत भात होता. वरण लागलेला, सगळाच्या सगळा भात. त्यांनी तो मुठीमुठीनं पाण्यात टाकला. मासे तुटून पडले. शेवटची मूठ त्यांनी तोंडापाशी नेली, क्षणभर धरली, आणि तीही पाण्यात टाकली. मग शाल धुतली, पिळली आणि आत गेले.

मी झुडपाला धरून उभा होतो.

"घरातले दुसरे भी येतेत," मनकर्णा म्हणाली. "कदी दोन, कदी तीन. हे मातर रोज."

संध्याकाळी मी केवळरामांच्या खाटेजवळ गेलो. मला रागावता येतं, दुसरं काही पटकन येत नाही, म्हणून रागावूनच विचारलं. ते जड जिभेनं म्हणाले, "गुरुजी, उजवा उठत नाई. डाव्यानं धुतो, त्याच हातानं खाऊ कसा? एकटा बसून भी खाऊन पाह्यलं. घास नरड्याखाली उतरत नाई. आन ताटात ठेवला तर तुमी घरी पाठवान."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. मी पाठवणार, हे त्यांनी पाऊसपाण्यासारखं धरूनच ठेवलं होतं. सकाळची तांदळाची पेज तेवढी ते डाव्या हातात लोटा धरून पीत. पिण्याला डावा हात चालतो. त्या एका लोट्यावर हा सहा फुटी माणूस इतके महिने जगला होता, आणि मी रोज त्यांचं लख्ख ताट पाहून मान डोलवत होतो.

दुसऱ्या दिवशी नागभीडहून डॉक्टर आले. त्यांनी केवळरामांच्या सुजलेल्या पावलावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पेजेवर हा माणूस दिवाळी पाहणार नाही. याच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. औषध मी देतो, पण अन्न तुम्हाला द्यायचं आहे." पेज वाढवून पाहिली तर हगवण लागली. दिवाळीला पाच आठवडे होते.

मी मनकर्णाला म्हणालो, तू त्यांना भरव. ती सरळ नाही म्हणाली.

"नवऱ्याले मी तीन वर्सं भरवलं. आपल्या हातानं. तो रोज मले शिव्या देये. मी समजे, बिमारीनं चिडचिडा झाला. आखरीच्या दिवशी मले म्हने, मनकर्णे, तू मले जगवलं पन जेवू नाई देल्लं. नाई गुरुजी. मी कोनाले भरवत नाई."

मग मी माझी अक्कल चालवली. घरून पितळेचा चमचा आणला आणि पंगतीत, सगळ्यांसमोर, केवळरामांच्या डाव्या हातात दिला. म्हणालो, जेवा. माझा हुकूम आहे. केवळरामांनी माझ्याकडे पाहिलं, चमचा भातात घातला, आणि शेजारचा मुखरू उठला.

मुखरू हा तेली, तोंडानं फटकळ. तो ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसला. म्हणाला, "डावा तो डावाच. चमच्यानं काय होते? पंगत बाटवून राह्यले गुरुजी." त्याच्यामागं आणखी दोघं उठले. समोरच्या ओळीत बायांनी पदर तोंडाला लावले. केवळरामांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ न देता. ज्या माणसानं आयुष्यभर पंगती सांभाळल्या, त्याच्यापायी पंगत मोडली होती, आणि ती मी मोडली होती. मला तिथं उभं राहवेना.

मनकर्णा मागच्या दारात बसून हे सगळं पाहत होती. त्यानंतर तीन दिवस ती पाणी भरायची आणि बोडीच्या काठी जाऊन काहीतरी घासत बसायची. चौथ्या दिवशी तिनं मला एक वस्तू दाखवली. तळ्यातला मोठा शिंपला, कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. त्याला वीतभर बांबूची मूठ, मूठ मुद्दाम वाकवलेली. आमच्याकडे लेकराला दूध शिंपल्यानंच पाजतात, म्हणून मी म्हणालो, हे तर बाळाचं झालं.

"बाळाचं लहान रायते. हे मोठ्या मानसाचं हाय," ती म्हणाली. "पाहा. हे उजव्या हाताले बांधाचं. हात मेला तं मेला, पन हाय तं उजवाच. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धराचं आन उचलाचं. पूजेत उजव्या हाताले डावा लावतेत का नाई? तसा. अन्नाले हात लागन तो उजवाच."

आम्ही सगळे मेलेल्या हाताला वगळून विचार करत होतो. तिनं त्यालाच कामाला लावलं होतं.

एवढं सुचलेल्या बाईच्या हातून दुसऱ्या दिवशी जे घडलं, तेही सांगायलाच हवं. जाळ्याचा सणाचा दोरा खरखरीत असतो. लकव्याच्या हाताला चटका बसला तरी कळत नाही, दोरा रुतला तर जखम होईल, म्हणून तिनं मऊ पांढरं सूत आणलं. पंगत बसली होती. ती केवळरामांसमोर बसली, शिंपल्याची मूठ त्यांच्या तळहातात ठेवली, आणि ती निसटू नये म्हणून अंगठ्याला सुताचे वेढे देऊन तो शेजारच्या बोटाशी बांधला.

कुंताबाईच्या हातातला भाताचा डाव खाली पडला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या पायाचे अंगठे पांढऱ्या सुतानं एकमेकांना बांधतात. काही घरांत हाताचेही बांधतात. मुखरू उभा राहिला. "जित्या मानसाचे आंगठे बांधून राह्यली हे बाई," तो म्हणाला. पण मी मुखरूकडे पाहतच नव्हतो. मी केवळरामांकडे पाहत होतो. त्यांनी आपल्या बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग मनकर्णाकडे, मग माझ्याकडे. चेहरा एकदम निवला. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, "बरं हाय. तोंडात पानी घाला."

त्यांना वाटलं, आम्ही त्यांचा निकाल लावला. त्यांना वाटलं, हे सांगायची ही रीत आहे. आणि त्यांनी ते मान्य केलं.

मनकर्णानं सूत दातानं तोडलं. सोडवायलाही ती थांबली नाही. "नाई भाऊ, नाई. तसं नाई," एवढंच ती म्हणत होती, आणि उरलेले वेढे ओढून काढत होती. मग ती उठून बोडीवर गेली आणि दुपारभर पाण्यात पाय सोडून बसली. मी गेलो तेव्हा म्हणाली, "झिंगूचे आंगठे मीच बांधले होते. याच सुतानं. माह्या ध्यानात काऊन नाई आलं गुरुजी?" माझ्या कुठं ध्यानात आलं होतं? मीही शेजारीच उभा होतो, आणि सूत मऊ आहे याचं कौतुक करत होतो.

केवळराम त्या दिवसापासून पेजही घेईनासे झाले. मनानं जायला निघालेला माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. दिवाळी दहा दिवसांवर होती.

मनकर्णा कामावर आली नाही. पहिल्या दिवशी मी रागावलो, दुसऱ्या दिवशी घाबरलो, तिसऱ्या दिवशी धिवरांच्या वस्तीवर गेलो. तिच्या झोपडीसमोर चुलीवर मोठं मडकं होतं आणि त्यात ऐनाच्या झाडाची साल उकळत होती. धिवर लोक जाळं असं सालीच्या पाण्यात रंगवतात, म्हणजे ते कुजत नाही. रंग लाल-तपकिरी येतो. तिनं त्या पाण्यातून काठीनं एक लहानशी वस्तू वर काढली. मला वाटलं, मासे ठेवायची पिशवी. ती हाताची जाळी होती. पंज्याच्या मापाची, बोटांना मोकळी, तळहाताकडे दुहेरी विणीचा खिसा आणि त्या खिशात शिंपल्याची मूठ बसेल अशी जागा. सणाचा दोरा तिनं दगडावर कुटून कुटून मऊ केला होता.

"यात गाठ मानसावर पडत नाई," ती म्हणाली. "सगळ्या गाठी आधीच मारल्या. हात घालाचा आन काढाचा. बांधाचं काईच नाई. आन रंग पाहा. जाळ्याचा रंग हाय. हा रंग मयताले कोनी लावत नाई."

केवळरामांना तिनं पंगतीत काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खाटेवर जाळी ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, मी तुमाले घालून देनार नाई. तुमच्या डाव्या हातानं तुमीच घाला. नाई घातली तं मी बोडीत टाकून देईन, मासे पकडाले कामी येईन." आणि ती पाणी भरायला निघून गेली. मला तिचं हे बोलणं फार कठोर वाटलं. दुपारी पंगत बसली तेव्हा केवळराम काठी टेकत आले. उजव्या हातावर जाळी चढवलेली होती आणि तिच्यात शिंपला खोचलेला होता.

तिनं त्यांच्या जागी सपाट ताटाऐवजी उभ्या काठाची थाळी ठेवली होती आणि थाळी घसरू नये म्हणून खाली आपली डोक्यावरची चुंबळ दिली होती, घागरीखालची तीच कापडाची कडी. कुंताबाईनं भात वाढला. केवळरामांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं. शिंपला भातात शिरला, थाळीच्या काठाला टेकून भरला, आणि वर उठला. अर्धा भात वाटेत सांडला. अर्धा तोंडात गेला.

मी मुखरूकडे पाहिलं. ओसरीतलं प्रत्येक माणूस मुखरूकडेच पाहत होतं. तो ताटाकडे पाहत होता आणि त्याचा जबडा हलत होता, पण तो उठला नाही. कुणीच उठलं नाही. केवळराम पाऊण तास जेवत होते. पंगत त्यांच्यासाठी थांबली. ताट रिकामं झालं तेव्हा ते म्हणाले, "कुंताबाई, भात वाढा."

हे तीन शब्द ऐकून मी हबकलो. त्या घराला तीन वर्षं झाली होती. कुणी कधी दुसऱ्यांदा भात मागितला नव्हता. म्हाताऱ्यांना भूक कमी असते, असं मी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा घागरी उतरवून बसली होती, तिथं मी गेलो आणि दारातच थांबलो. तिच्यासमोर माणसं बसली होती. प्रत्येकानं उजवा हात पुढे केला होता. कुणाची बोटं संधिवातानं आखडलेली, कुणाला कंप, एका म्हाताऱ्याचं बोट धानाच्या कापणीत गेलेलं. त्यांच्यातल्या इंदिराबाई नावाच्या म्हातारीला पाणी पिताना ठसका लागायचा. लोटा उंच धरून वरून पाणी ओतायची आमची रीत, उष्टं होऊ नये म्हणून, आणि त्या रीतीपायी ती बाई सहा महिने तहानलेली राहत होती. मनकर्णानं तिच्यासाठी वाळलेला लहान भोपळा कापून त्याच्या मानेची नळी केली. तो तिचा एकटीचा, त्यावर खूण तिची, म्हणजे उष्ट्याचा प्रश्नच नाही. मी माणसं मोजली. चौदातली नऊ. नऊ माणसं माझ्या डोळ्यांसमोर रोज उपाशी नाहीतर अर्धपोटी उठत होती आणि मी ताटं तपासत होतो.

सगळ्यात शेवटी मुखरू बसला होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले. दोन्ही कापत होते. मनकर्णा काही न बोलता दोऱ्यानं त्याच्या पंज्याचं माप घेऊ लागली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मुखरू, तूच तर पंगतीतून उठला होतास. आणि तुझं ताट तर तू बोडीत टाकत नव्हतास. मी पाहिलंय तुला जेवताना."

"माहं मी खातो कसं तरी, तोंड ताटाले लावून, तुमी पलीकडं गेले की," तो म्हणाला. "पन मी सोमाजीचं भी खात होतो गुरुजी."

सोमाजी माळी गेल्या पौषात वारला होता. घरातला पहिला मृत्यू. डॉक्टरनं म्हातारपणाची अशक्तता असं लिहिलं होतं आणि मी संस्थेला तसंच कळवलं होतं.

"तो माह्या बाजूले बसे," मुखरू म्हणाला. "त्याचे हात माह्याहून जास्ती कापत. घास तोंडापोतूर येयेच ना. तो मले म्हने, मुखरू, माहं ताट साफ करून दे, नाई तं गुरुजी मले घरी पाठवतीन, आन मले घर कुठी हाय? म्हनून तुमची नजर फिरली की मी त्याचा भात माह्या ताटात घेत होतो. चार महिने. त्यानंच हात जोडले होते मले. आता तुमी सांगा, मी त्याच्यावर उपकार करून राह्यलो होतो का..." मनकर्णानं त्याचा हात सोडला नव्हता. माप घेऊन झालं होतं, तरी ती तो धरून बसली होती.

मी तिथून माझ्या खोलीत गेलो. या वेळी धरायला झुडूपही नव्हतं. मुखरूला दोष द्यायला जागा नव्हती. सोमाजीला तर नव्हतीच. शोधत शोधत मी ज्या एका माणसापाशी येत होतो, तो माझ्याच अंगरख्यात होता. सोमाजीच्या ताटाकडे पाहून मी शाबास म्हणालो होतो. मला तो दिवससुद्धा आठवला. तो हसला होता.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर कुंताबाई दुसरं पातेलं चुलीवर चढवत होती, कारण भात पुरत नव्हता, आणि ओसरीतून शिंपले थाळीला लागल्याचा आवाज येत होता. तो मला ऐकवेना. मी दार लोटून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं आणि मनकर्णा आत आली. तिच्या हातात ताट होतं. भात, वरण, वर लोणच्याची फोड. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीवही नव्हती, असती तर मी ताट सरकवलं असतं.

"जेवा गुरुजी," ती म्हणाली. "तुमचे हात धड हायेत."

ती उभी राहिली. मी पहिला घास घेईपर्यंत हलली नाही.